मामाचं टक्कल, वडिलांचं टक्कल आणि आखाजीचं लग्न

भाऊ, तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलंय की नाही ते तुम्हालाही कळेल. वय २७, गाव रावेरकडचं, नोकरी पुण्यात. वडिलांना टक्कल, दोन्ही मामांना टक्कल. दोन वर्षांपासून कपाळाचे कोपरे मागे सरकताहेत आणि आता भोवऱ्यावरही टाळू दिसायला लागली आहे. आई सुट्टीत कांद्याचा रस चोळते, काका म्हणतात बोअरच्या पाण्यानं गळतात, मित्र सांगतात गोळी घेऊ नको, मूल होणार नाही. पुण्यातल्या एका क्लिनिकनं हेअर ट्रान्सप्लांटचं, ३००० ग्राफ्टचं (म्हणजे मुळासकट काढून पुढे लावायच्या केसांच्या पुंजक्यांचं) पॅकेज दिलंय, या महिन्यात पैसे भरले तर सवलत. घरात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास लग्नाचा बार उडवून द्यायचं चाललंय. आणि तुमचा प्रश्न: यातला नेमका कोणता उपाय करू?

मी जळगावात २२ वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. माझ्या खुर्चीसमोर बसून 'मॅडम, मना केस गळी राहिनात' म्हणणाऱ्या पोरांची संख्या दरवर्षी वाढते आहे, आणि जवळजवळ प्रत्येकाला गेलेले केस परत हवे असतात. मला मात्र आधी काळजी असते ती डोक्यावर अजून शाबूत असलेल्या केसांची. तुमच्या बाबतीतही सगळा हिशोब तिथून सुरू होतो. एक गोष्ट आधीच कबूल करते: तुमचं डोकं मी पाहिलेलं नाही. त्यामुळे खाली लिहिते ते 'बहुधा' या शब्दासकट वाचा.

पहिलं म्हणजे, हे आनुवंशिकच आहे असं सगळ्यांनी धरून टाकलंय. कोपरे आणि भोवरा असं वर्णन असेल तर शक्यता मोठी आहे. पण मी तरी डर्मोस्कोप लावल्याशिवाय बोलत नाही. भोवऱ्यावर ते भिंग टेकवलं की मी स्क्रीन पेशंटकडे फिरवते. एकाच चौकटीत एक जाड केस, शेजारी त्याच्या निम्म्या जाडीचा, आणि त्याच्या शेजारी मिसरूड फुटताना येते तसली लव. मग तेच भिंग मागे, मानेच्या वरच्या भागावर. तिथे सगळे केस एका मापाचे, कपाशीच्या सरीसारखे. हा फरक दिसला की आनुवंशिक टकलाबद्दल फारशी शंका उरत नाही, आणि पेशंटलाही मी वेगळं समजावून सांगायची गरज पडत नाही.

चाई असेल तर गोल गुळगुळीत चकत्या पडतात, तो आजारच निराळा. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन किंवा महिन्याभरात दहा किलो वजन उतरवण्याचा पराक्रम, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात, पण ते सगळ्या डोक्यावरून, आणि बहुतेकांचे परत येतात. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या शेजारी, बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस चार-आठ दिवसांत हातात यायला लागले, तेव्हा मुक्ताईनगर-बोदवडकडची माणसं घाबरून माझ्याकडे येत होती. तिथे तपासणीत सेलेनियम जास्त सापडलं आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं गेलं. बाया, मुलं, म्हातारे, सगळ्यांचेच केस गेले होते. आनुवंशिक टक्कल असं वागत नाही. ते सावकाश येतं, ठरलेल्या वाटेनं येतं. जिममध्ये कोणी तुम्हाला इंजेक्शनं टोचत असेल तर तेही डॉक्टरला सांगा. त्यातल्या हार्मोन्समुळे ज्याचं टक्कल पस्तिशीत पडायचं त्याचं पंचविशीत पडतं.

पाण्याबद्दल काकांना एवढंच विचारा: बोअरचं पाणी काय फक्त भोवऱ्यावर पडतं? क्षाराच्या पाण्यानं केस राठ होतात, मधूनच तुटतात, मूळ मात्र मरत नाही. हेल्मेटचंही तेच. कांद्याच्या रसावर २००२ मध्ये एक छोटा अभ्यास झाला होता, पण तो चाईच्या पेशंटवर. तुमच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही, आणि उशीला जो वास लागतो तो वेगळाच.

मग गळतात कशानं? शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून ५-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम डीएचटी हे दुसरं हार्मोन तयार करतं. ज्यांच्या पुढच्या आणि भोवऱ्यावरच्या मुळांना या डीएचटीची जन्मजात चीड असते, त्यांची मुळं दर फेरीला थोडी थोडी आखडत जातात. आधी जो केस चार-पाच वर्षं वाढायचा तो दोन वर्षांत गळतो, पुढच्या वेळी सहा महिन्यांत, आणि शेवटी नुसती लव उरते. टक्कल पडलेल्या माणसात पुरुषी हार्मोन जास्त असतं, हा पारावरचा गप्पांचा विषय आहे. रक्तात ते सगळ्यांइतकंच असतं, चिडकी असतात ती मुळं. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी संशोधकानं दाखवलं की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले त्या पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि घराण्यात टक्कल असलेल्यांना बाहेरून हार्मोन दिलं की पडायला लागतं. म्हणजे घराणंही हवं आणि हार्मोनही हवं.

मामाकडून टक्कल येतं हे अर्धं खरं आहे. एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला ते आईकडूनच मिळतं. पण बाकीची कितीतरी जनुकं दोन्हीकडून येतात. तुमच्याकडे तर दोन्ही बाजूंनी आहेर आलेला आहे. वडिलांचा आणि मामांचा तिशीतला फोटो घरात असेल तर शोधा. पस्तिशीत त्यांचं कुठवर गेलं होतं, हे मला कुठल्याही रक्ततपासणीपेक्षा जास्त सांगतं.

आता औषधं. खात्रीनं काम करणारी दोनच, बाकी सगळे त्यांचे पाहुणे.

मिनॉक्सिडिल आधी रक्तदाबाची गोळी होती. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, तेव्हा कंपनीला सुचलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ती डोक्याला लावायच्या औषधाच्या रूपात आली. पुरुषांना ५ टक्के, १ मिली, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूला. ६० मिलीची बाटली त्या हिशोबानं महिनाभर पुरते. तुमची तीन महिने पुरत असेल तर तुम्ही औषध लावत नाही, शिंपडताय. सकाळच्या धावपळीत लावणं होत नाही असं निम्मे पेशंट सांगतात. त्यांना मी म्हणते, रात्री एकदाच लावा पण नागा करू नका. झोपायच्या दोन तास आधी लावा, नाहीतर ते उशीला आणि तिथून गालाला लागतं. हात धुवा. घरात मांजर असेल तर फार जपा, मांजराला हे औषध जिवावर बेतणारं विष आहे.

आणि हे नीट वाचा: सुरुवातीच्या दोन ते आठ आठवड्यांत केस जास्त गळतात. जुना केस ढकलून नवा वर येत असतो. माझ्या अंदाजानं औषध सोडणाऱ्यांतले बरेचसे याच टप्प्यावर सोडतात आणि मग आयुष्यभर सांगत फिरतात की त्या औषधानं माझं टक्कल पडलं. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. थांबवलंत की कमावलेलं काही महिन्यांत जातं. हल्ली कमी डोसची मिनॉक्सिडिलची गोळीही देतात, मीही देते, पण रक्तदाब आणि हृदयाचा इतिहास बघून. पाय सुजणं, धडधड आणि अंगभर लव हे त्याचे त्रास आहेत.

दुसरी फिनास्टेराइड, ज्या गोळीची तुमचे मित्र तुम्हाला भीती घालताहेत. हिचा जन्म मजेशीर आहे. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या काही मुलांमध्ये ते ५-अल्फा रिडक्टेज जन्मतः कमी होतं. १९७४ मध्ये त्यांच्यावरचा अभ्यास छापून आला. ही मुलं मोठी झाल्यावर त्यांची प्रोस्टेट लहान राहत होती आणि त्यांना टक्कल पडत नव्हतं. त्यावरून एन्झाइम अडवणारं औषध शोधलं गेलं: १९९२ मध्ये ५ मिलिग्रॅमचं प्रोस्टेटसाठी आणि १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमचं केसांसाठी. रक्तातलं डीएचटी ते साधारण दोन तृतीयांशानं खाली आणतं. मूळ चाचण्यांत दोन वर्षांनी भोवऱ्यावरचे केस गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के लोकांचे टिकून होते, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २८ टक्के लोकांचे. कपाळाच्या कोपऱ्यांवर तिचा जोर त्यामानानं कमी पडतो.

आता भीतीचं. त्याच चाचण्यांत पहिल्या वर्षी लैंगिक तक्रारी गोळी घेणाऱ्या ३.८ टक्क्यांत होत्या आणि खोटी गोळी घेणाऱ्या २.१ टक्क्यांत. इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, वीर्य कमी होणं. बहुतेकांत गोळी थांबवली की जातात. थोड्या लोकांनी मात्र थांबवल्यावरही त्रास राहिल्याचं सांगितलंय आणि ते मी हसण्यावारी नेत नाही. २०२५ मध्ये युरोपीय औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हाही या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. म्हणून ज्याला आधी नैराश्य येऊन गेलंय, त्याला मी ही गोळी सहसा देत नाही. तुम्हाला तसं काही झालं असेल तर तेवढं एक वाक्य डॉक्टरला सांगाच.

मूल न होण्याबद्दल: निरोगी पुरुषात ही गोळी वांझपण आणत नाही. शुक्राणू आधीच कमी असलेल्या काही जणांत ते आणखी कमी होऊ शकतात आणि गोळी बंद केल्यावर काही महिन्यांत सुधारतात. लग्नानंतर वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर गोळी थांबवून तपासणी करायची, इतकं सरळ. बायको गरोदर असताना तिनं मोडलेली किंवा चुरा झालेली गोळी हाताळायची नाही. गोळी चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर रक्तदान नाही. बहिणीचे केस विरळ होत असतील तरी तुमच्या गोळ्यांतल्या गोळ्या तिला देऊ नका, तिचा रस्ता वेगळा आहे. आणि पन्नाशीत कधी प्रोस्टेटची पीएसए तपासणी कराल तेव्हा ही गोळी घेतो म्हणून सांगा, आकडा निम्मा दिसतो.

यातली खरी अडचण वेगळीच आहे. मी बाई, समोर पंचविशीचा पोरगा, बाहेर त्याचे वडील बसलेले. असल्या गोष्टी तो माझ्याशी बोलणार कसा? म्हणून मी चार प्रश्नांचा छापील कागद ठेवलाय, खूण करायची आणि घडी घालून द्यायचा. एका सराफाचा मुलगा तीन महिन्यांनी आला, 'मॅडम, एकदम मस्त, केस भरले' म्हणाला, आणि कागदावर पहिल्याच प्रश्नाला 'हो'ची खूण होती. पेन इतकं दाबून केलेली की कागदाच्या मागच्या बाजूला उमटली होती. गोळी बंद केली. दोन महिन्यांत त्याची तक्रार गेली. आता तो फक्त मिनॉक्सिडिलवर आहे, केस थोडे कमी आहेत आणि तो त्यात खूश आहे. तुमचे डॉक्टर विचारत नसतील तर तुम्हीच चिठ्ठी लिहून न्या.

डुटास्टेराइड हे त्याच जातीचं औषध फिनास्टेराइडहून जोरकस आहे, शरीरात जास्त काळ रेंगाळतं. सत्ताविशीत सुरुवात त्यानं करू नका. फिनास्टेराइडचं लावायचं औषधही मिळतं. त्यातलं थोडं रक्तात जातंच, पण गोळीपेक्षा कमी. घाबरणाऱ्यांसाठी तो मधला मार्ग मला पटतो. पीआरपी म्हणजे तुमचंच रक्त फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग टाळूत टोचणं. महिन्यातून एकदा असं तीन-चारदा आणि नंतरही अधूनमधून. काहींना फायदा होतो, काहींना फक्त दुखतं. औषधं चालू असतील तर जोड म्हणून ठीक, एकटं मी विकत नाही. बायोटिनच्या गोळ्या जेवणारखाणाऱ्या माणसाला लागत नाहीत, उलट थायरॉइडची तपासणी चुकीची दाखवू शकतात.

आता त्या ३००० ग्राफ्टकडे येऊ. शेतकऱ्याच्या घरातले आहात म्हणून सांगणं सोपं आहे. ही लागवड आहे, पण रोपवाटिका बाहेर कुठे नाही. मागच्या बांधावरची रोपं उपटून पुढे लावायची, आणि उपटलेल्या जागी पुन्हा काही उगवत नाही. मागचे केस डीएचटीला दाद देत नाहीत, आणि पुढे लावले तरी त्यांचा स्वभाव बदलत नाही. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये हे मांडलं, सगळं हेअर ट्रान्सप्लांट त्यावर उभं आहे. बहुतेक माणसांच्या मागच्या भागातून आयुष्यभरात साधारण पाच-सहा हजार ग्राफ्ट निघतात. वडिलांसारखं टक्कल पडलं तर उघडी जागा सहज १५० चौरस सेंटिमीटर भरते. बऱ्यापैकी दिसायला चौरस सेंटिमीटरला निदान ४० ग्राफ्ट धरा. गुणाकार केला तर ६०००. म्हणजे सगळा साठा एका फटक्यात. त्यातले ३००० आज कपाळावर लावून टाकलेत आणि त्यामागचा, भोवऱ्यापर्यंतचा भाग पुढच्या दहा वर्षांत गेला, तर तिथे लावायला काय ठेवलंत?

ही नुसती कल्पना नाही. धुळ्याकडचा एक मुलगा २२ व्या वर्षी मोठ्या शहरात जाऊन पुढची ओळ भरून आला होता. ओळही पोरसवदा, भुवयांच्या जवळ आणलेली. औषधं चालू ठेवायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं, 'आता कायमचं काम झालं' एवढंच सांगितलं होतं. माझ्याकडे आला तेव्हा तो २९ चा होता: पुढे झालर, मागे मैदान. लावलेले केस इमानदार होते, एकही गळला नव्हता. त्याच्या शेजारचे निघून गेले होते. दोन वर्षं तो टोपी घालून फिरत होता, मे महिन्यात, आपल्या ४५ डिग्रीत.

म्हणून माझा नियम: आधी वर्षभर औषध, फोटोंवर गळती थांबलेली दिसू दे, मग ट्रान्सप्लांटचं बोलू. तिशीनंतर केलेलं काम सहसा जास्त शहाणपणाचं ठरतं, कारण तोवर टक्कल कुठल्या दिशेनं निघालंय ते कळतं. अपवाद असतात, भाजल्याचा व्रण, अपघात. तुमचं तसं काही नाही. आणि करायचंच झालं तर पॅकेजऐवजी विचारा, छेद कोण घेणार? सल्ल्याला डॉक्टर आणि टेबलावर टेक्निशियन असा प्रकार सर्रास चालतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की यूट्यूब किंवा कार्यशाळा बघून घेतलेलं ज्ञान हे प्रशिक्षण धरता येणार नाही. त्वचारोगाची एमडी किंवा प्लास्टिक सर्जरीची पदवी आणि स्वतःच्या हातचं काम, दोन्ही बघा. महिनाअखेरची सवलत साडीच्या दुकानात ठीक आहे.

लग्नाचा हिशोबही मांडून बघा. आता दिवाळी झाली, आखाजीला पाच-साडेपाच महिने आहेत. आज ट्रान्सप्लांट केलंत तर दहा दिवस खपल्या, मग दोन ते सहा आठवड्यांत लावलेले बहुतेक केस गळतात, तीन-चार महिन्यांनी नवे फुटायला लागतात, पूर्ण रूप यायला वर्ष लागतं. म्हणजे मुलगी बघायला जाल तेव्हा खपल्या किंवा पडीक जमीन, आणि हळदीच्या फोटोत अर्धवट पीक. मिनॉक्सिडिल आज सुरू केलंत तर जादा गळती नवीन वर्षाच्या सुमारास आटोपते आणि आखाजीला पहिला फरक दिसायची आशा असते. तोवर भोवरा झाकायला केसांच्या रंगाची केराटिनची भुकटी मिळते, समारंभापुरती ती उत्तम. चिकटवायचा पॅच मी आपल्याकडच्या उन्हाळ्यात सुचवत नाही, खाली घाम साचून टाळूला फोड आलेले बघितलेत. स्थळाकडे फोटो मात्र आत्ताचाच पाठवा, कॉलेजातला नको. त्यावरून झालेला एक तमाशा मला माहीत आहे.

काहीच न करणं हाही एक उपाय आहे आणि तो मी मुद्दाम सांगते. टक्कल हा जिवाचा आजार नाही. आमच्या घरात साहेबांनी तीन वर्षं मिनॉक्सिडिल लावलं, कंटाळले, एके रविवारी बारीक मशीन फिरवून आले. मी वीस वर्षांचा अनुभव सांगून पाहिला, उपयोग झाला नाही. आता ते दर पंधरा दिवसांनी मशीन फिरवतात आणि घरात बाटली दिसत नाही म्हणून खूश असतात. रोज, वर्षानुवर्षं औषध लावणं तुम्हाला जमणार आहे का, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही. जमणार नसेल तर ट्रान्सप्लांटच्या वाटेलाच जाऊ नका, कारण त्यानंतरही औषध सुटत नाही.

तुमच्या जागी माझा भाचा असता तर त्याला मी हे सांगितलं असतं. क्लिनिकचे पैसे भरू नकोस. पुण्यातच एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाकडून डोकं तपासून घे, हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड एकदा बघ. रात्रीचं मिनॉक्सिडिल सुरू कर. गोळीचं वाचून, विचारून, घाई न करता ठरव. घ्यायचीच असेल तर लग्नाच्या आदल्या महिन्यात सुरू करू नको, नाहीतर त्या दिवसांतली साधी धडधडही गोळीच्या नावावर जाईल. आत्ताच सुरू कर किंवा नंतर कर. आणि आज चार फोटो काढून ठेव: समोरून, दोन्ही बाजूंनी, वरून. बाथरूमच्या त्याच ट्यूबलाइटखाली, केस कोरडे, तेल नाही. दर तीन महिन्यांनी तसेच चार. आरशावर विश्वास ठेवू नको, तो रोज सकाळी वेगळं बोलतो.

सुट्टीत गावी आलात आणि जळगावला चक्कर झाली तर दाखवून जा. डोक्याला दोन दिवस तेल नको, भिंगाखाली काही दिसत नाही. आईंनाही सोबत आणा. कांदा बंद करायला मी सांगेन, पण रविवारी त्यांनी खोबरेल लावून डोकं चोळून द्यायचं असेल तर त्याला माझी हरकत नाही, धुऊन झाल्यावर रात्रीचं औषध लावलं म्हणजे झालं.